शंभर वर्षांचं रेशीम

१

रत्ना मरत होती तेव्हा तिच्या गळ्याभोवती शंभर वर्षांचं रेशीम आवळलेलं होतं, आणि त्या रेशमावर शांतामाईंचे दोन्ही हात होते.

नेदरलँड्समधलं न्यूनेन हे तसं शहाण्यासुरत्या लोकांचं गाव. शनिवारी दुपारी तिथलं कुत्रंसुद्धा शेजाऱ्याला विचारून भुंकत असेल. अशा गावात, गॅरेजचं दुकान केलेल्या एका जागेत, असलं काही बघावं लागेल हे यामिनीच्या स्वप्नातही आलं नसतं. ती आणि तिच्या इथल्या मराठी मैत्रिणी, मीनलताई आणि भार्गवी, कोपऱ्यावरच्या कॅफेत कॉफी पिऊन परतल्या, तर दुकानाचं दार सताड उघडं. आत रेशमाचे तागे जमिनीवर लोळत होते आणि त्यांच्यामधून रक्ताचा ओघळ दाराकडे येत होता.

रत्ना उताणी पडली होती. डोक्याची डावी बाजू फुटली होती. शेजारी लाकडात कोरलेलं बुद्धाचं शीर आडवं झालं होतं आणि त्याला रत्नाचे केस चिकटले होते. शांतामाई, यामिनीच्या सासूबाई, गुडघ्यांवर बसून रत्नाच्या गळ्यातल्या कापडाशी झटत होत्या. त्यांचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"सुटत नाही गं," माई रडत म्हणाल्या. "पीळच सुटत नाही."

यामिनीने टेबलावरची मोठी कात्री उचलली. कापडाचा पार दोर झाला होता आणि तो मांसात रुतला होता. पातं आत सारताना रत्नाची कातडी कापली गेली. दोनदा कात्री घसरली. कापड दाद देईना. तिसऱ्यांदा यामिनीने अंगातला सगळा जोर लावला तेव्हा ते तुटलं. रत्नाने हवा आत ओढली, त्याचा घाणेरडा घरघरता आवाज झाला. ओठ हलले.

"माई," ती म्हणाली. आणि पुन्हा, "माई."

मग तोंडाला रक्ताचा फेस आला आणि सगळं थांबलं. ॲम्ब्युलन्सला अजून फोनही झाला नव्हता.

मीनलताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "तिने नाव घेतलं," त्या म्हणाल्या. "यामिनी, तिने माईंचं नाव घेतलं."

२

सकाळ मात्र किती मजेत सुरू झाली होती.

रत्ना मूळची थाई. खरं नाव रतना, पण आपल्या बायका ते कशाला तसं राहू देतात. तिच्या दुकानात गाठी बांधून रंगवलेलं रेशीम, चौकटीचे सुती पंचे, त्रिकोणी लोड, बांबूच्या टोपल्या, सगळं तिच्या गावाकडून येई. नागपूरहून सुनेकडे आलेल्या शांतामाईंना तिथे न्यायचं म्हणजे मांजराला दुधाच्या पातेल्याशी नेणं. माईंनी प्रत्येक कापड उलटं करून पाहिलं, किंमत ऐकून कपाळाला हात लावला आणि पंच्यांच्या घासाघिशीत रत्नाला घाम फोडला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण भाव करायला भाषा लागते कुठे?

माईंचं खरं काम वेगळं होतं. त्यांनी पिशवीतून आपली लग्नातली पांढरी रेशमी साडी काढली. बौद्ध पद्धतीचं लग्न, त्यामुळे साडी पांढरी. ती आता घड्यांवर विरली होती, आणि तिला आतून थाई रेशमाचं अस्तर लावून सुनेला द्यायची असा त्यांचा बेत. रत्नाने साडी तळहातांवर घेतली, ओढली मात्र अजिबात नाही. म्हातारं रेशीम ओढायचं नसतं, असं तिने खुणेने सांगितलं आणि अस्तर येईपर्यंत साडी माईंच्या पिशवीत परत ठेवली.

मग सगळ्या जणी 'माई, माई' करताहेत हे ऐकून तिला हसू फुटलं. "आमच्या भाषेत तुम्ही रेशीम," ती इंग्रजीत म्हणाली आणि हात हलवून दाखवू लागली. सूर खालून वर चढवला की माई म्हणजे रेशीम. वरून खाली आपटला की नाही. वरच धरून ठेवला की लाकूड. आणि तळाशी सपाट ठेवला की नवं.

"आमच्याकडे माई एकच," यामिनी म्हणाली, "आणि तेवढी पुरे आहे."

माईसुद्धा हसल्या. त्यानंतर रत्ना त्यांना सूर वर चढवूनच हाक मारू लागली.

दुधात मिठाचा खडा पडला तो त्या लाकडी शिरामुळे. रत्नाचा घटस्फोटित नवरा रॉब बागेत ठेवायच्या शोभेच्या वस्तू विकतो. त्याने उरलेला माल तिच्या कपाटावर आणून टाकला होता. त्यात बुद्धाचं मानेपासून कापलेलं शीर. माईंनी ते पाहिलं आणि त्यांचं रक्त उसळलं.

"तथागताचं मुंडकं कापून विकायला ठेवतेस? तुझं मुंडकं कापून ठेवलं तर चालेल का गं?"

रत्नाला शब्द नाही, पण राग कळला. ती हात जोडून काहीतरी सांगत राहिली. शेवटी मध्ये पडले ते शिरीषदादा, मीनलताईंचे यजमान. दुपारी दुकानातच थाई वस्त्रांवर त्यांचं भाषण होतं, त्याची तयारी ते करत होते.

शिरीषदादा म्हणजे मूळचे पुण्याचे, राहणार शेजारच्या बेस्ट गावचे, नोकरी संगणकाच्या चिप्स बनवणाऱ्या यंत्रांची आणि जीव सगळा कापडात. दर हिवाळ्यात थायलंडला जायचं, बाजार पालथे घालायचे आणि आल्यावर सगळ्यांना बसवून ऐकवायचं. चिआंग माईच्या एका गल्लीत म्हाताऱ्या बाईने ट्रंकेच्या तळातून काढून दिलेलं शंभर वर्षांचं राजघराण्यातलं रेशीम, ही तर त्यांची सत्यनारायणाची कथाच. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, आणि एक संग्रहालय ते कापड समारंभाने ठेवून घेणार होतं. तेच लालकाळं कापड त्यांनी आज भिंतीवर टांगलं होतं.

रत्नाने ते दोन चिमटींत धरून ताणलं.

"हळू!" शिरीषदादा ओरडले.

रत्नाने काठ उलटा केला, बराच वेळ पाहिला. "कुठून घेतलंत?" तिने विचारलं. आणि मग नम्रपणे हसून, "आपण नंतर बोलू."

३

पोलिसांना काय, समोर सगळं तयारच होतं. हात रक्ताने भरलेली बाई, सकाळची धमकी आणि मरणाऱ्या बाईच्या तोंडी नाव. मीनलताईंनी विचारलं ते खरं खरं सांगितलं, मुंडक्याचं वाक्यही भाषांतर करून दिलं. डच भाषेत ते वाक्य आणखीच भयानक वाटलं. माईंना गाडीत बसवून नेलं, तेव्हा त्यांच्या पायात चपला नव्हत्या.

यामिनीचा नवरा अश्वजित ॲमस्टरडॅमला, स्लोटरडाइकच्या ऑफिसात शनिवारच्या कामासाठी गेला होता. तो धावत ट्रेन पकडून आला, आईला भेटला, वकिलाशी बोलला आणि घरी येऊन सोफ्यावर बसून राहिला.

"वकील म्हणतात, रागाच्या भरात झालं असं सोमवारी कबूल करावं. शिक्षा कमी होईल."

"न केलेलं कबूल करायचं?"

"यामिनी, तुला माईचा राग माहीत नाही. मी लहान असताना घरमालक जातीवरून बोलला, तर तिने त्याच्या डोक्यात पळी घातली होती. टाके पडले होते त्याला."

"बरं केलं. पण ती पळी होती, अश्वजित. बुद्धाचं शीर उचलून माई कुणाच्या डोक्यात घालतील? विहाराकडे पाय करून झोपत नाहीत त्या."

"ती दुकानाबाहेरच्या बाकावर एकटीच बसली होती. दुसरं कोण होतं तिथे?"

"मागे गल्ली आहे. मागचं दार उघडं होतं. माईंनी आत काहीतरी पडल्याचा आवाज ऐकला म्हणून त्या गेल्या, असं त्यांनी सांगितलंय ना?"

अश्वजितने हातांत तोंड लपवलं. "मी तिला सांगून आलोय, कबूल कर म्हणून. ती नुसती बघत राहिली माझ्याकडे."

यामिनीचं आणि सासूचं कधी एका चहावरून पटलं नव्हतं. साखर किती, इथून वाद. पण त्या क्षणी तिला नवऱ्याचा इतका संताप आला की ती उठून स्वयंपाकघरात गेली. पोराने असं म्हटल्यावर माई आता सोमवारी काहीही कबूल करतील, आणि उरलेलं आयुष्य परक्या तुरुंगात काढतील. हातात होता तो एक रविवार.

४

सकाळी उठून ती पहिली गेली रॉबकडे. शीर त्याचं, भांडणही त्याचं जुनंच. पण तो शनिवारी दुपारभर पोरांच्या फुटबॉल सामन्यात पंच होता आणि अख्ख्या मैदानाने त्याला शिव्या घातल्या होत्या. इतके साक्षीदार खुन्याला मिळत नाहीत. रॉब दारातच ढसाढसा रडला. ते शीर आपण तिथे ठेवलं नसतं तर, एवढंच तो घोकत होता.

तिथून ती बेस्टला मीनलताईंकडे गेली. मीनलताईंचे डोळे सुजले होते.

"मी ऐकलं तेच सांगितलं गं. खोटं कसं सांगू?"

"तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणतच नाही, ताई. शिरीषदादा तेव्हा कुठे होते?"

"प्रोजेक्टर विसरले होते, ते आणायला घरी आले होते. पोलीस आल्यावरच पोचले बिचारे."

बिचारे दिवाणखान्यात बसले होते. दाढी वाढलेली, समोर त्याच कापडाचे फोटो पसरलेले.

"शंभर वर्षं टिकलं ते. लढाया झाल्या, पूर आले, त्यातून टिकलं. आणि त्या बाईने..." ते थांबले. "माफ कर. तुझी सासू आहे. पण तूही कात्री चालवलीस त्यावर."

"गळ्यात होतं, दादा."

"हो, हो. ते आहेच."

माणूस मेलं त्याचं एवढं नाही आणि कापड गेलं त्याचं केवढं, असं यामिनीच्या मनात आलं. पण छंदिष्ट माणसं अशीच असतात. शिवाय स्वतःचा खजिना कोण असा रक्तात बुडवील? तिने त्यांचं नाव मनातून खोडलं आणि ती भार्गवीकडे गेली.

भार्गवी गाणं शिकलेली. इकडे ती मराठी मंडळाच्या गणपतीत गाते, आणि कुणी बेसूर आरती म्हटली तर तिचं डोकं दुखतं.

"रत्ना शेवटी काय म्हणाली ते म्हणून दाखव," यामिनीने सांगितलं. "शब्द नको, सूर."

भार्गवीने डोळे मिटले. मग तिने खर्जात, एका जागी ठेवून, अगदी सपाट म्हटलं, "माई." पुन्हा तसंच, "माई."

"वर चढला नाही?"

"छे. सकाळी माईंना हाक मारताना ती चढवायची. हा सूर तळाला होता."

यामिनीच्या डोळ्यांपुढे रत्नाचा हात आला. लाकूड असतं तर हात वर राहिला असता. तो सगळ्यांत खाली गेला होता.

"नवं," ती म्हणाली. "भार्गवी, ती कुणाचं नाव घेत नव्हती. ती 'नवं' म्हणत होती."

"मरणाऱ्या बाईचा आवाज खालीच जाणार. पोलीस तेच म्हणतील. आणि मरताना कुणी 'नवं, नवं' कशाला म्हणेल?"

तिचं चुकत नव्हतं.

५

घरी आली तेव्हा अश्वजित आईचे कपडे पिशवीत भरत होता. कपाटातून त्याने ती पांढरी साडी ओढली, घाईत, एका हाताने. टर्र असा आवाज झाला. साडी घडीवर हातभर फाटली होती.

"मी जोरात नव्हती ओढली," तो कावराबावरा होऊन म्हणाला.

"जुनं रेशीम आहे ते," यामिनी सवयीने म्हणाली. "घडीवर विरतं. त्याला नुसतं..."

आणि ती तशीच उभी राहिली.

हे तर कुठल्याही घरातली बाई सांगेल. रेशमाची घडी दरवर्षी मोडावी लागते, नाहीतर ते विरतं. माईंच्या लग्नातली साडी एका ओढीत फाटली. आणि शंभर वर्षांचं कापड? त्याला पीळ दिला, दोर केला, धडधाकट बाई त्याखाली तडफडली, हातपाय झाडले तिने, आणि त्याचा एक धागा तुटला नाही. कात्री दोनदा घसरली त्यावरून. तिच्या स्वतःच्या हातांना अजून ती घसर आठवत होती.

रत्नाने ते चिमटीत धरून ताणलं होतं. तिला तिथल्या तिथेच कळलं. चार बायकांसमोर त्या माणसाची शोभा होऊ नये म्हणून ती म्हणाली, नंतर बोलू.

"अश्वजित, पोलिसांना फोन कर आणि शिरीषदादांच्या घरी पाठव," ती म्हणाली. फाटकी साडी घेऊन ती सायकलवर बसलीसुद्धा.

त्याने मागून हाक मारली. ती थांबली नाही. हेच तिचं चुकलं; पोलीस यायच्या आधी तिने त्या घरात जायला नको होतं.

६

मीनलताई स्वयंपाकघरात पोळ्या करत होत्या. शिरीषदादा फोटो गोळा करून पाकिटात घालत होते.

यामिनीने साडी टेबलावर ठेवली. "दादा, ही माईंच्या लग्नातली. तुमच्या कापडापुढे कालचं पोर." तिने साडीचं टोक धरलं, दोन पीळ दिले आणि ओढलं. कागद फाटावा तशी ती मधोमध गेली. सासूचं लग्नातलं वस्त्र आपल्या हाताने फाडताना तिला रडू आलं, पण हात थांबले नाहीत.

"शंभर वर्षांच्या रेशमाने माणूस मरत नाही. रेशीमच आधी तुटतं. तुमचं तुटलं नाही, कारण ते नवं होतं. रत्नाने तेच सांगितलं ना तुम्हाला?"

"वेडी झालीस का? माझं कापड मी असं..."

"प्रोजेक्टर आणायला तुम्ही गेलाच नाहीत. आम्ही कॅफेत गेल्यावर मागच्या गल्लीने परत आलात. नंतर बोलू म्हणाली होती ती, तुमच्याशीच बोलायचं होतं तिला. चिआंग माईच्या त्या म्हातारीने तुम्हाला फसवलं होतं, दादा. पर्यटक म्हणून गेलात आणि पर्यटकासारखे लुटले गेलात. एवढंच तर होतं. मला सांगितलं असतंत तर मी हसून विसरून गेले असते."

ते 'हसून' त्यांना झोंबलं. कसं झेपावले ते यामिनीला कळलंच नाही. पाठ भिंतीवर आदळली, डोकं आपटलं, आणि दोन अंगठे तिच्या गळ्यात रुतले. ओरडायला हवाच उरली नाही. तिने नखांनी त्यांचा गाल फाडला. रक्त तिच्याच तोंडावर गळलं. ते तिच्या कानाशी बोलत होते, अगदी भाषणात बोलत तसं समजावून.

"ती हसली नाही. तीच तर चीड होती. कीव केली माझी. म्हणाली, रंग नवा आहे, धागा नवा आहे, मी समारंभाआधी सांगते म्हणजे तुमची फजिती नको. मी तिला गप्प बस म्हटलं. डोक्यात घातलं तरी ती 'माई, माई' करतच राहिली. मग मी ते भिंतीवरचं ओढलं आणि आवळलं. आणि तुला सांगतो, मी वाट बघत होतो ते फाटायची. फाटलं असतं तर मी जिंकलो असतो. ते फाटलं नाही. ती मरेपर्यंत फाटलं नाही. तेव्हा मला कळलं, ती खरं बोलत होती."

यामिनीला समोरचं काळं दिसू लागलं. मग एक जड, ओला आवाज झाला आणि गळ्यावरची पकड गेली. शिरीषदादा टेबलावर कोसळले, तिथून जमिनीवर. मीनलताईंच्या हातात लोखंडी तवा होता, तापलेला. त्यांचा स्वतःचा तळवा भाजत होता, तरी त्यांनी तो सोडला नव्हता. नवरा उठायला लागला तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा घातला.

"माझ्या तोंडून तू त्या म्हातारीला अडकवलंस," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून."

तिसऱ्यांदा तवा उचलला तेव्हा पोलीस आत शिरले आणि त्यांनी मीनलताईंचा हात धरला.

७

कापड तपासायला काही वेळ लागला नाही. रंग अलीकडच्या कारखान्यातला निघाला, आणि शिरीषदादांनी दवाखान्यात टाके घालून घेताना उरलेलंही सांगून टाकलं. माईंना सोमवारी दुपारी सोडलं.

यामिनी गळ्याला ओढणी गुंडाळून पोलीस ठाण्याच्या दाराशी उभी होती. शेजारी अश्वजित, आईचे जोडे हातात घेऊन. माई बाहेर आल्या. दोन दिवसांत त्या वाळल्यासारख्या दिसत होत्या. पायात कुणीतरी दिलेल्या कागदी सपाता होत्या.

त्या आधी यामिनीपाशी आल्या. ओढणी बाजूला करून त्यांनी गळ्यावरचे काळेनिळे वळ पाहिले, बोट न लावता.

"फार दुखतंय का?"

"गिळताना दुखतं."

"पेज करते घरी गेल्यावर. मीठ तू सांगशील तेवढंच घालते."

अश्वजित खाली वाकला आणि त्यांच्या पायाशी जोडे मांडू लागला. त्याचे खांदे हलत होते. "माई, मला माफ कर. सगळे तसंच म्हणत होते."

माईंनी पाय मागे घेतला.

"सगळे म्हणू देत रे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "पोलीस म्हणू देत, ती मीनल म्हणू दे. ते मला परवा भेटले. तू तर माझ्या पोटातून आलास. मी तिथे बसून दोन रात्री विचार केला, ज्या पोराला मी वाढवलं त्याला आपली आई खुनी वाटते, तर मग बाहेर येऊन तरी काय करू? आज मी कबूल करणारच होते, माहितीये तुला? तू सांगितलं होतंस म्हणून."

अश्वजित तसाच गुडघ्यांवर राहिला, आणि येणारेजाणारे त्याला वळसा घालून जात होते.

माईंनी यामिनीचा दंड धरला. कागदी सपातांतच त्या बसस्टॉपकडे चालू लागल्या, आणि यामिनीने मागे वळून नवऱ्याला हाक मारली नाही.